रडूबाई गप्प झाली

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आले बाई एकदाची दिल्लीला! दिल्ली म्हणजे खरं तर गुरुग्राम, पण पुण्याच्या नातेवाइकांना एवढ्या बारकाव्यात कशाला शिरायला लावायचं? अंशुमन जूनपासूनच इथे होता. एकट्या पुरुषाचं घर कसं असतं त्याचा साक्षात नमुना करून ठेवला होता त्याने. फ्रीजमध्ये तीन प्रकारचे सॉस आणि एक सुकलेलं लिंबू. दोन दिवस घासपूस केली, अर्पिताच्या पहिलीच्या वह्यांना कव्हरं घातली, आणि आज मी माझ्या नव्या नोकरीवर रुजू झाले.

मानेसरला कंपनीच्या बसने जायचं. अर्पिताला शाळेत सोडायचं काम अंशुमनकडे, आमच्या गाडीतून, ऑफिसला जाता जाता. बापलेकीची आजची पहिलीच सकाळ अगदी झकास गेली म्हणे. गाडीत दोघांनी गाणी म्हटली. आपली गाडी ब्रेक दाबला की बारीक कुईऽ करते, तर अर्पिता तिच्या सुरात सूर मिसळत होती. मी म्हटलं, वा! ब्रेकच्या आवाजावर पोट भरणाऱ्या बाईच्या घरात ही थेरं!

आजपासून ही रोजनिशीही नव्याने सुरू. बघू, नव्याचे नऊ दिवस तरी लिहिते का.

१० सप्टेंबर, बुधवार

कामाबद्दल लिहायला हवं, कारण काम मला फार आवडलं आहे.

ज्या गाड्यांच्या ब्रेकमधला आवाज कुठल्याच सर्व्हिस सेंटरला बंद करता येत नाही, त्या आमच्याकडे येतात. मालक लोक आवाजाचं वर्णन करतात ते ऐकण्यासारखं असतं. एकजण म्हणाला, कोणीतरी फळ्यावर नखं ओढतंय. एका बाईंनी तर फोनवर मला तो आवाज काढून दाखवला, आणि खरं सांगते, त्यांनी काढला तो बरोबर होता! अर्धं निदान तिथेच होतं. पहिल्या एकदोन वेळा कुरकुरून गप्प बसला तर रात्रीच्या दवाने चकतीवर आलेला गंज, त्याला काही करायचं नाही. घर्र आवाज आला तर पॅड झिजून लोखंडावर लोखंड घासतंय, तिथे थट्टा नाही. आणि सगळं धडधाकट असून कुईऽ वाजत असेल तर पॅड चकतीवर थरथरतोय. पॅडच्या कडा तिरक्या घासायच्या, पाठीला एक पातळ पत्रा आणि ग्रीस लावायचं, की झालं. थरथर गेली, आवाज गेला. पुण्यात माझे साहेब म्हणायचे की देविकाच्या कानाला मीटर लावलाय.

इथले साहेब मराठीच निघाले. भाऊसाहेब. सगळा जन्म दिल्लीत गेलेला, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेले. बोलतात मराठी, पण दर दोन वाक्यांनी एक ‘अच्छा’ आणि एक ‘बिल्कुल’ पडतो. गाड्या चालवून बघायचं काम शंभूकाकांचं. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, घर अजून कॅन्टोन्मेंटजवळच. सियाचीनपर्यंत ट्रक नेल्याच्या गोष्टी सांगतात आणि त्यातली बर्फाची उंची दरवेळी वाढते.

एक गंमत. आमच्या आवारात एक जुनी पांढरी गाडी आहे. तिचं नाव रडूबाई. रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी शंभूकाका तिला घेऊन आवारात एक चक्कर मारतात आणि फाटकाशी ब्रेक दाबतात. काय किंचाळते ती! दातांतून कळ जाते. तोपर्यंत सगळे, अगदी सगळे, हातातला चहा खाली ठेवून उभे असतात. ती रडली की मग काम सुरू. मी भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, नव्या लोकांना आवाज ओळखता यावा म्हणून नमुना ठेवलाय. मला काही ते पटलं नाही. नमुन्यासाठी कोणी चहा खाली ठेवतं का?

१७ सप्टेंबर, बुधवार

आज विश्वकर्मा पूजा, मशीनं बंद. इकडे याचं मोठं प्रस्थ आहे. सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावलं, लाडू वाटले. पण पहिलं कुंकू रडूबाईला! नारळ पण तिच्याच पुढे फुटला.

मी पुन्हा भाऊसाहेबांना छेडलं. लाडूमुळे असेल, पण यावेळी ते मोकळेपणाने बोलले. त्यांच्या आधीच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की आपण इतक्या गाड्यांचं रडणं बंद करतो, तर एक रडती ठेवावी. सगळ्यांच्या वाटचं ती रडते, म्हणून बाकीच्या मुकाट्याने थांबतात. मी हसले. तेही हसले. म्हणाले, यार देविका, मी इंजिनियर माणूस आहे, मीही मानत नाही. पण मानत नाही म्हणून हात लावून बघावा, एवढंही मी अजून केलेलं नाही. तू पण लावू नकोस.

मला नवल वाटलं. ब्रेकवर दोन पेटंटं असलेला माणूस!

२४ सप्टेंबर, बुधवार

भाऊसाहेब लेकीच्या बाळंतपणासाठी सोमवारी पुण्याला गेले. आणि आज मी रडूबाईला बरं केलं!

सांगून टाकते, मला तो आवाज सहनच होत नव्हता. हलवायाला कोणी रोज शिळी जिलेबी दाखवावी तसं. कारण काहीही अवघड नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मीच गाडी वर उचलली, जुने पॅड कचऱ्यात टाकले, नवे पॅड कडा घासून बसवले, पाठीला पत्रा, ग्रीस. सुट्टी संपायच्या आत काम तमाम. आवारात चालवून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी थांबली.

उद्या सकाळी सगळ्यांची तोंडं बघायची आहेत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतील. म्हणू देत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तोंडं बघितली.

शंभूकाकांनी चक्कर मारली, फाटकाशी ब्रेक दाबला. काही आवाज नाही. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच टाळ्या. त्यांनी पुन्हा चक्कर मारली. पुन्हा. कोणी चहा उचलेना. शेवटी शंभूकाका उतरले, माझ्याकडे न बघता म्हणाले की मॅडम, तुम्ही हे साहेबांना विचारून केलंत ना? मी हो म्हणाले. खोटं बोलले. एवढ्याशा गोष्टीसाठी काय ते वातावरण! दिवसभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. असो. मी दोन गाड्या आवाज बंद करून पाठवल्या. त्यातली एक इंदुमतीबाईंची, भाऊसाहेबांच्या शाळेतल्या निवृत्त बाई. जाताना माझ्या हातावर घरची चकली ठेवून गेल्या.

२७ सप्टेंबर, शनिवार

लोकाच्या गाड्या गप्प करते आणि घरची तशीच, म्हणून आज आमच्या गाडीचा कुईऽ पण काढला. खाली पार्किंगमध्येच. अंशुमन बाजूला उभा राहून सगळं विचारत होता, कडा किती घासायच्या, ग्रीस कुठे लावायचं. मी त्याला शिकवलं. आमच्यात असा छान दिवस बऱ्याच दिवसांनी आला.

अर्पिता मात्र रुसली. म्हणाली, आई, आता मी कोणाबरोबर गाऊ?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. गाडीला झेंडूची माळ घातली, सोनं वाटलं. आज कामावर गेले तर इंदुमतीबाई गेल्याचं कळलं.

परवा फ्लायओव्हरवरून उतरताना त्यांची गाडी खाली उभ्या असलेल्या सिमेंटच्या ट्रकवर गेली. पोलिसांचं म्हणणं, वयस्कर बाई, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला असेल. रस्त्यावर टायर घासल्याची खूणसुद्धा नाही. गाडी तपासायला आमच्याकडेच आली. सीटवर चकल्यांचा डबा होता, झाकण घट्ट.

गाडीच्या संगणकात शेवटच्या काही क्षणांची नोंद राहते. ती मी काढली. बाईंनी ब्रेकच दाबला होता. पूर्ण ताकदीने, फ्लायओव्हरच्या माथ्यापासून. नळ्यांमध्ये दाब होता. पॅड चकतीला टेकलेले होते. चाकं अडायला हवी होती. ती अडली नाहीत, आणि वेग कणभरही कमी झाला नाही.

हे होऊच शकत नाही. मी ती नोंद तीन वेळा काढली. सेन्सर बिघडलेला असणार. घरी येऊन अंशुमनला काही बोलले नाही. पण उद्या गाडी वापरू नका म्हटलं, तर म्हणाला, उद्या शनिवार आहे, वापरायची कुठे?

६ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

शंभूकाका गेले. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ऐन सकाळी, आवारातच.

मी शनिवारी जादा पाळीत आवाज बंद केलेली गाडी होती. त्यांनी नेहमीसारखी चालवून बघायला घेतली. वेग सायकलचा असेल. फाटकाशी चारजण उभे होते. ब्रेकचे दिवे लागले. गाडी थांबली नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, ते पण आम्हाला दिसलं, आणि गाडी तशीच येत राहिली, ना कमी ना जास्त, जणू कोणी तिला उचलून नेत होतं. गाडीचा कसलाच आवाज नव्हता, म्हणून त्यांचं ओरडणं स्पष्ट ऐकू आलं. बाजूला व्हा म्हणत होते. माणसं बाजूला होईनात म्हणून त्यांनीच चाक वळवलं. तिकडे सळयांचा ट्रक उभा होता.

ट्रकवर आदळूनही ती लगेच थांबली नाही. ढकलत राहिली. इंजिन बंद केलं तेव्हा थांबली.

मी तिथेच खाली बसले. कोणीतरी पाणी दिलं. कोणीही मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊसाहेब सकाळच्या विमानाने आले. मला वाटलं ओरडतील. ते थेट रडूबाईजवळ गेले आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, चल, हिला रडवू.

उभा जन्म मी आवाज घालवायला शिकले. आज दिवसभर आम्ही दोघं आवाज आणायच्या मागे होतो. ग्रीस धुऊन काढलं. पत्रे काढले. पॅडच्या कडा पुन्हा चौकोनी केल्या. जुने पॅड कचऱ्याबरोबर केव्हाच गेले होते. चकतीवर पाणी मारलं, रेती टाकली, कानशीने ओरखडे काढले. त्या ओरखड्यांवर कुठलाही ब्रेक किंचाळला असता.

एक शब्द नाही. ती छान थांबते. चकती पार खरवडलेली आणि थांबते लोण्यासारखी.

संध्याकाळी भाऊसाहेब ओट्यावर बसून रडले. साठीचा माणूस. म्हणाले, मी तुला धड सांगायला हवं होतं, हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही धड सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. हे खरं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

मी गप्प केलेल्या सगळ्या गाड्यांच्या मालकांना आज फोन केले. गाडी चालवू नका म्हटलं. का, विचारलं की काय सांगणार? एकाने सर्व्हिसबद्दल माझे आभार मानले. एकाने वेड्यात काढलं. एका घरी फोन कोणीतरी रडत उचलला आणि मी काही न बोलता ठेवून दिला.

ज्या गाड्या अजून वाजतात त्या नीट थांबतात. आवारात तशा दोन आहेत, त्या पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्या. ज्यांचं रडणं बंद केलं, त्या पहिले काही दिवस थांबतात, आणि मग एक दिवस थांबत नाहीत. कोणता दिवस, ते ठरलेलं नाही.

आमची गाडी मी गप्प केली आहे. त्या गाडीतून रोज माझं मूल शाळेत जातं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अंशुमनशी कडाक्याचं भांडण. त्याचं म्हणणं, शंभूकाकांचा धक्का बसलाय, रजा घे, डॉक्टरला दाखव. ब्रेक त्याने स्वतः तपासून आणले, रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. सगळं उत्तम. मला माहीत होतं उत्तम असणार.

मी किल्ल्या लपवल्या. दोन्ही. चारही टायरमधली हवा सोडली. तो खाली जाऊन आला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं याआधी कधीच बघितलं नव्हतं. पण अर्पितासमोर काही बोलला नाही. शहाणा आहे माझा नवरा.

उद्यापासून ती शाळेच्या बसने जाईल. मी आज ती बस बघून आले. जुनीपुराणी, प्रत्येक थांब्यावर अशी किंचाळते की कबुतरं उडतात. देवाशप्पथ, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. हीच बस. हिलाच हात लावलेला नाही कोणी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कामावर गेले नाही. आमच्या खिडकीतून सोसायटीचं फाटक आणि तिकडे उतरत येणारा रस्ता दिसतो. तिथे उभी राहिले. बस उतारावरून आली, किंचाळली, थांबली. अर्पिता चढली.

दुपारी पुन्हा किंचाळली. अर्पिता उतरली.

मग मी जेवले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भाऊसाहेबांचा फोन होता. आणखी दोन. एकात सगळं कुटुंब. ते आता रोज रडूबाईत बसून राहतात, नुसते बसतात. म्हणाले, बिल्कुल काही करता येत नाही, देविका. बिल्कुल.

गाड्यांच्या मालकांचे नातेवाईक फोन करायला लागलेत. तुम्हाला आधीच कसं कळलं, विचारतात. पोलिसही विचारतील. फोन बंद करून ठेवला.

बस सकाळी किंचाळली. दुपारी किंचाळली. नऊ मजले खाली, तरी ऐकू येते. माझी लाडकी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी किंचाळली.

दुपारी — बस आली नाही. मी अनवाणी खाली धावले. अंशुमन अर्पिताला ऑटोने घेऊन येत होता. बस गॅरेजला गेली म्हणे, किरकोळ काम. उद्या येणार. ऑटो कुरकुरत होता, म्हणून काही बोलले नाही.

अंशुमन आज फार दिवसांनी मायेने बोलला. म्हणाला, तू एवढी घाबरतेस ना, मी एक काम केलंय, उद्या सांगेन, तुला बरं वाटेल. मी विचारलं, काय? नुसता हसला.

मला झोपायला हवं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

दोघं आत्ताच खाली गेले. मी खिडकीत. काय काम केलंय ते त्याने सांगितलंच नाही, विसरला — म्हणून फोन सुरू केला, बसच्या पालकांच्या ग्रुपवर काही असेल तर —

आहे. कालचं.

पालकांनी तक्रार केली होती. बस फार आवाज करते, मुलं कानावर हात ठेवतात. त्याखाली अंशुमन. माझी पत्नी याच कामात आहे, मी तिच्याकडून शिकलोय, मेकॅनिकला समजावून सांगतो. कडा घासायच्या, पाठीला ग्रीस. त्याखाली फोटो. मेकॅनिक, आणि अंशुमन, हात काळे, हसतोय.

त्याखाली अंगठे. धन्यवाद देविका जी. अब बस बिल्कुल शांत है.

अंशुमनला फोन लावला. इथेच टेबलावर वाजतोय. चार्जिंगला.

ओरडले. काच. उघडत नाही ही — ओरडले तरी खाली कोणी —

लिफ्ट तळाला. जिना — नऊ मजले — पाय हलत नाहीत. हात तेवढा हलतोय. डोळे तिकडेच ठेवलेत. लिहीत राहिले तर —

थांबेल. पहिले काही दिवस थांबतात. कालच तर केलंय. थांबेल. इंदुमतीबाईंची पाच-सहा दिवस — पण शंभूकाकांची शनिवारी आणि सोमवारी —

वळली. उतारावर आली.

दिवे लागले. रस्त्यावर लाल पडलंय. दाबलाय त्याने, ब्रेक दाबलाय.

आवाज नाही.

रड ना गं. एकदा रड. तुझ्या पाया पडते —

अर्पिता पुढे झाली. नेहमी होते. दोन्ही हात वर करून बसला थांब म्हणते, खेळ आहे तिचा, ती थांब म्हणते आणि बस थां